सातपुड्यावरचं उसनं आकाश

मंगळवारी सकाळी बाई गेल्या. फोन त्यांच्या पुतण्याने केला. मी ग्रंथालयाचं कुलूप उघडत होते. "आत्या गेली," तो म्हणाला. मी कुलूप पुन्हा लावलं आणि त्यांच्या घरी गेले. दुपारी अंत्यविधी झाला. संध्याकाळी मी घरी आले आणि भात लावला.

बाई शहाद्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायच्या. मी त्यांची शाळेतली विद्यार्थिनी नव्हे. मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि त्यांच्याकडे शिकायला गेले ती चाळिशी जवळ आल्यावर, त्या निवृत्त झाल्यानंतर. शिकायचं होतं ते रात्रीच्या आकाशाचं छायाचित्रण. नुसत्या आकाशाचं नव्हे. खाली आपली जमीन असावी, बांध, झाड, डोंगर असावा, आणि वर त्याच जागेवरून दिसणारे तारे असावेत, असा फोटो. असे फोटो काढणारं आमच्या भागात तेव्हा दुसरं कोणी मला माहीत नव्हतं. बाई ते स्वतःचं स्वतः शिकल्या होत्या, चुकत चुकत, बऱ्याच वर्षांत. लग्न केलं नव्हतं. पगारातून कॅमेरा घेतला होता, आणि त्याबद्दल गावाने त्यांना जे ऐकवायचं ते ऐकवून झालं होतं.

त्या गेल्यावर मला रडू आलं नाही. वाटलं, नंतर येईल. नंतर आला तो राग, आणि तो अजून गेलेला नाही.

दोन दिवसांनी एसटी स्टँडजवळच्या चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. मधोमध बाईंचा चेहरा, ओळखपत्रावरचा असावा, कान अर्धे कापलेले. खाली शोकाकुल म्हणून शाळेच्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो ओळीने, सगळे नीट हसणारे. बाईंच्या चेहऱ्यापेक्षा सचिवांचा चेहरा थोडा मोठाच होता. हे सगळं मी मान खाली घालून सोडून दिलं असतं. मेलेल्या माणसाच्या निमित्ताने जिवंत माणसं स्वतःचे फोटो लावतात, हे आता आपल्याला खटकेनासं झालं आहे. पण बाईंच्या मागे त्यांचाच एक फोटो पार्श्वभूमी म्हणून टाकला होता. केळीच्या बागेची काळी कड, तिच्यामागे सातपुड्याची रांग. ती रांग मी कुठेही ओळखेन, कारण तो फोटो काढला तेव्हा मी बाईंच्या शेजारी बसले होते. आणि त्या रांगेवर, आडवी, जांभळी, झगझगीत आकाशगंगा चिकटवली होती.

मी चौकात थांबले. मागून रिक्षावाला हॉर्न देत होता.

हे का चालणार नाही ते सांगायला हवं, कारण तेव्हापासून मला दहा जणांनी विचारलं आहे की एवढं काय झालं. शहाद्यात कुठेही उभं राहा, सातपुडा उत्तरेला. आमच्या भागातलं लहान पोरही दिशा विचारली की आधी डोंगराकडे बोट करतं. आणि आकाशगंगेचा तो तेजस्वी, गजबजलेला भाग आपल्याकडून दिसतो तो दक्षिणेला. कधी आग्नेयेला उगवेल, कधी नैर्ऋत्येला कलेल, पण उत्तरेच्या डोंगरावर तो येणार नाही. आज नाही, उद्या नाही, आपली नातवंडं म्हातारी झाली तरी नाही. सपाटीवर उभं राहून सातपुड्यावर ती आकाशगंगा दाखवणारा फोटो म्हणजे सूर्य उत्तरेला मावळताना दाखवणं. आणि हे कोणाच्या नावाने? भूगोलाच्या बाईंच्या.

हा मोह मला माहीत आहे. मलाही तो झाला होता. आमच्या सपाटीवरच्या प्रत्येकाला होतो. डोंगर म्हटलं की आम्हाला दुसरा डोंगरच सुचत नाही. बाईंकडे जाऊ लागले त्या पहिल्या उन्हाळ्यात मी कितीतरी वेळा आमच्या शेताच्या बांधावर कॅमेरा उत्तरेकडे लावून बसले. तारे यायचे, पण ती गंगा काही यायची नाही. मी बाईंना म्हटलं, धूर असेल, कारखान्याचा उजेड असेल, कॅमेराच हलका असेल. बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "असेल. बस अजून." शेवटी एकदा त्या स्वतः आल्या, बांधावर माझ्याशेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, "पाहुणे मागच्या दाराने येतायत, आणि तू पुढच्या दारात रांगोळी काढून बसली आहेस. वळ जरा."

मी वळले. उसाच्या फडावर, दक्षिणेला, ती सबंध उभी होती.

"आधी का नाही सांगितलंत?" मी चिडून म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू पाठ केलं असतंस," बाई म्हणाल्या. "ग्रंथपाल ना तू."

मग त्या म्हणाल्या, सातपुडा आणि गंगा दोन्ही एका फोटोत हवी असतील तर एकच उपाय आहे. डोंगराच्या पलीकडे जायचं आणि मागे वळून बघायचं. दसऱ्यानंतर आम्ही धडगावच्या जीपमध्ये बसलो. जीप भरायला वेळ लागला. ड्रायव्हरने ट्रायपॉडची पिशवी टपावर बांधताना विचारलं, "बाई, वर कशाला? तिकडे लाईट जाते, रेंज मिळत नाही."

"म्हणूनच चाललोय भाऊ," बाई म्हणाल्या. "जिथे काही मिळत नाही तिथलंच तिकीट दे."

जीपमधल्या बायका हसल्या. घाटात मला मळमळलं, बाईंनी लिंबू दिलं. वर एका ओळखीच्या घराच्या मागे, दिवस बुडता बुडता आम्ही ट्रायपॉड लावला. अंधार पडला तसा नैर्ऋत्येला तो पांढरट पट्टा हळूहळू उतरत्या डोंगररांगांवर दिसू लागला. आता तोच सातपुडा दक्षिणेला होता. घरातली म्हातारी ओट्यावरून तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, तिच्या सुनेने मराठीत सांगितलं, "ती म्हणते, रोजचंच तर आहे, त्याचा काय फोटो काढता?" बाई खूश झाल्या. "रोजचंच आहे म्हणूनच," त्या म्हणाल्या, आणि मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक तारा मोठा करून दाखवला. तो अगदी बारीक टिंब होईपर्यंत लेन्सची कडी फिरवायची, मग कडीवर चिकटपट्टी लावून टाकायची, म्हणजे हात लागून बिघडणार नाही. चिकटपट्टी त्या दाताने तोडायच्या. माझ्याच्याने ती कधी नीट तुटली नाही.

फ्लेक्सवरचा मूळ फोटो त्याच्या पुढच्या हिवाळ्यातला. त्यांच्या नात्यातल्या एकाच्या केळीच्या बागेजवळून काढलेला. कारखान्याचा उजेड पाठीमागे राहील अशी जागा बाईंनी दिवसा हिंडून ठरवली होती. दिवस मावळायच्या आधी ट्रायपॉड लावला, निळ्या उजेडात डोंगर आणि केळीची पानं टिपून घेतली, आणि त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही असा हुकूम झाला. केळीजवळ दव लवकर पडतं, म्हणून लेन्सभोवती त्यांनी आपला जुना लोकरी मोजा गुंडाळला होता. तारे दिसू लागल्यावर कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो घेऊ लागला आणि आम्ही गोधडी पांघरून बसलो. शेजारच्या शेतातला एक म्हातारा पाणी द्यायला निघाला होता. तो अहिराणीत ओरडला, "काय वं बाई, आभाय मोजी झायं का?"

"नही भाऊ," बाई ओरडल्या, "तुन्हा वाटा बाकी शे."

ते सगळे फोटो जोडले की ताऱ्यांच्या वाटा दिसतात. पृथ्वी फिरते म्हणून प्रत्येक तारा एक कमान काढतो. सगळ्या कमानींच्या मध्यभागी, सातपुड्याच्या रांगेवर, आमच्याकडे तसा खालीच असतो तो, ध्रुव. बाईंनी त्या फोटोत मला ध्रुव मोठा करून दाखवला होता. तोही टिंब नव्हता. त्याचीही एक इवलीशी कमान झाली होती. "बघ," त्या म्हणाल्या, "पुस्तकात अढळ लिहिलंय. हाही हलतो. फक्त बोभाटा करत नाही." तो फोटो त्यांचा सगळ्यात आवडता होता. तो आमचा डोंगर होता, आणि वर आमचं उत्तरेचं आकाश, जसं आहे तसं.

तर त्या कमानी फ्लेक्सवर नव्हत्या. मी फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकान चालवणारा माणूस ओळखीचा, त्याची मुलगी आमच्या ग्रंथालयात येते. त्याने मला स्टूल दिलं, चहा सांगितला. मी विचारलं, फोटोचं काय केलं.

"फोटू खराब व्हता ना ताई," तो म्हणाला. "वर सगळ्या रेघा पडेल व्हत्यात. लेन्स घासायेल व्हती का काय. मी बसीसन साफ करं."

"त्या रेघा म्हणजे तारे होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तारा गोल ऱ्हातस ना ताई. रेघ कसी ऱ्हाई?"

त्याने समजावणीच्या सुरात पुढे सांगितलं, "मंग वर काहीच ऱ्हायनं नही. सायेबले दाखाडं. सायेब म्हणे, काहीतरी भारी टाक. मोकयं आभाय बरं दिसस का?"

त्याच्यावर मी रागावले नाही. त्याला फोटो फाटलेला वाटला, त्याने रफू केला. मला राग आला तो सायेबांचा. 'सायेब' म्हणजे संस्थेचे सचिव. त्यांनी भूगोल घेऊन पदवी मिळवली आहे, आणि हे ते कोणत्याही कार्यक्रमात सांगतात. बाई नोकरीत असताना, संध्याकाळनंतर शेतात एकटी बसणारी शिक्षिका शाळेला शोभत नाही, असं बाईंना बोलावून सांगणारेही हेच. पालकांत चर्चा होते म्हणाले. चर्चा काय होती ते मला माहीत आहे. दिवा न लावता बांधावर बसणाऱ्या बाईबद्दल आमच्या भागात काय कुजबुजतात ते मी इथे लिहिणार नाही, पण तो शब्द साधा नाही, आणि त्या शब्दापायी इथे बायकांचे जीव गेलेले आहेत. बाई तो शब्द पोटात घालून दुसऱ्या दिवशी वर्गावर गेल्या आणि अक्षांश शिकवले. त्याच माणसाने आता फ्लेक्सवर छापलं होतं, 'आमच्या संस्थेचे भूषण'.

फ्लेक्स उन्हाने जातो, वाऱ्याने फाटतो, शेवटी कोणीतरी गोठ्यावर पांघरतो. पण दुकानदाराने जाता जाता सांगितलं की तोच फोटो मोठा करून, काचेच्या फ्रेमीत, शाळेच्या सभागृहात कायमचा लावायचा आहे. खाली बाईंचं नाव. ऑर्डर दिलेली आहे. मग मात्र मला गप्प बसणं शक्य नव्हतं. त्या सभागृहात मुलं रोज प्रार्थनेला बसतात. ती डोंगराकडे बघणार, मग त्या फोटोकडे बघणार, आणि बाईंनी हे टिपलं असं मानणार. आणि त्यांच्यातलं एखादं कधी खरंच बांधावर जाऊन उत्तरेकडे तोंड करून बसलं, तर त्याला ते कधीच दिसणार नाही, आणि खोटं कोण ठरेल? बाई.

पुतण्याकडून मी मूळ फोटो घेतला. तो संकोचला. "ताई, जाऊ द्या ना," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांनी संस्था मान देते आहे. आत्याला कुठे आता दिसणार आहे?" त्याचं काही चुकत नव्हतं. त्याला गावात राहायचं आहे, मुलाचा प्रवेश त्याच शाळेत आहे. पेनड्राइव्ह घेऊन मी सचिवांच्या कार्यालयात गेले.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. मग म्हणाले, "मॅडम, एक विचारू? बाई स्वतःच फोटो जोडायच्या. शंभर फोटो जोडून एक करायच्या. बरोबर ना? मग आम्ही एक जोडला तर काय बिघडलं?"

हा प्रश्न हुशार आहे, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. बाई फोटो जोडायच्या, हो. पण ट्रायपॉड एका जागी, डोंगर तोच, आकाश त्याच संध्याकाळचं. त्यांचा एकच नियम होता, ट्रायपॉड हलला की फोटो संपला. धडगावच्या वाटेवर एकदा माझ्या पायाचा धक्का लागून ट्रायपॉड अर्धी वीतही नसेल, पण सरकला होता. मी म्हटलं, कोणाला कळणार आहे, पुढचे फोटो जोडून घेऊ. बाईंनी सगळं पुसायला लावलं. "डोंगर आपला असेल तर आकाशही आपलंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "उसनं आणायचं तर तेलमीठ आणावं. आकाश कशाला?"

मी सचिवांना हे सांगितलं. मी मोठ्याने बोलत नाही, मला ते कधी जमलं नाही. कदाचित म्हणूनच त्यांना वाटलं असावं की मी विनंती करते आहे.

"तुमच्या भावना समजतात," ते म्हणाले. "पण लोकांना फोटो आवडलाय. कोण बघतंय हो उत्तर-दक्षिण?"

भूगोल घेऊन पदवी.

मी म्हटलं, "मुलं बघतील."

"बघतो," ते म्हणाले, आणि पेनड्राइव्ह खणात टाकला.

श्रद्धांजली सभेला मी मागे बसले. हार, समई, उदबत्ती. पडदा सरकवला तर तीच जांभळी आकाशगंगा, दारापेक्षा उंच, सोनेरी फ्रेमीत. मुलींच्या रांगेतून "आईशप्पथ" असा आवाज आला, टाळ्या झाल्या. सचिव बोलायला उठले. त्यांनी बाईंच्या शिस्तीबद्दल सांगितलं. बाई आपल्याला कधी सोडून गेल्याच नाहीत असं सांगितलं. मग फोटोकडे हात करून, आवाज जड करून म्हणाले, "बाई म्हणजे आमच्या संस्थेचा ध्रुवतारा. अढळ!"

त्यांच्या हाताच्या रेषेत बरोबर ती जागा होती जिथे ध्रुव होता. दुकानदाराने रेघांबरोबर तोही साफ केला होता. मी बसल्या जागी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. माझ्या शेजारच्या शिक्षिकेने मला पाण्याची बाटली दिली. तिला वाटलं मी रडते आहे.

सभा संपल्यावर सगळे चहाकडे गेले. मी सचिवांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांच्याभोवती चार माणसं होती. मी म्हटलं, "फोटो तुमचा आहे. तुम्हाला आवडतो तर राहू द्या. बाईंचं नाव त्याच्याखालून काढा."

"मॅडम, हा काय प्रसंग आहे का?"

"बाईंनी हा फोटो काढलेला नाही. असा फोटो इथून कोणालाच काढता येत नाही. नाव काढा."

त्यांनी आजूबाजूला बघून हसून घेतलं. "सगळं जग कौतुक करतंय, आणि त्यांच्याच शिष्या म्हणतात नाव काढा! कमाल आहे."

"काढा," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. मला दुसरं वाक्य सुचत नव्हतं, आणि दुसऱ्या वाक्याची गरजही नव्हती. चहाचे कप घेऊन उभे असलेले लोक जवळ सरकले. मग गर्दीतून त्या शाळेचे सध्याचे भूगोलाचे शिक्षक पुढे आले, तरुण आहेत, विसरवाडीकडून बदलून आलेले. ते माझ्याकडे न बघता सचिवांना म्हणाले, "साहेब, मॅडम म्हणतायत ते बरोबर आहे. दिशा चुकली आहे." एवढंच म्हणून ते मागे सरले. त्यांनाही तिथे नोकरी करायची आहे.

सचिवांचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे," ते म्हणाले. "एवढा आग्रह आहे तर काढतो. आमचा मान नको असेल तर नको."

त्यांनी शब्द पाळला, आपल्या पद्धतीने. पुढच्या आठवड्यात मी शाळेत गेले तेव्हा बाईंच्या नावाच्या पट्टीवर दुसरी पट्टी चिकटवलेली होती, 'संस्थेच्या सौजन्याने'. मूळ फोटोबद्दल मी विचारलं. कारकून म्हणाला, पेनड्राइव्ह सापडत नाही. मी चिडचिड केली नाही. प्रत माझ्याकडे होतीच.

गावात आता म्हणतात, ग्रंथालयातल्या मॅडमनी स्वतःच्या गुरूचं नाव पुसलं. किराणा दुकानात एका बाईने तोंडावर विचारलं, "तुमचं आणि बाईंचं काही बिनसलं होतं का?" मी नाही म्हटलं आणि तूरडाळ घेतली. समजावत बसले तर मला राग आवरत नाही. हे लिहायला मात्र बसले, कारण लिहिताना मधेच कोणी बोलत नाही.

बाई गेल्यानंतर मी बांधावर गेले आहे, पण कॅमेरा नेला नाही. एकटीने चिकटपट्टी लावायची वेळ अजून आली नाही. येईल.

मूळ फोटो मी साध्या लाकडी चौकटीत बसवून ग्रंथालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलामागे लावला आहे. त्याच्याखाली बाईंचं नाव आहे. सभागृहातला फोटोही आहे तिथेच आहे. त्याच्याखाली ते नाही.